अकरा रविवार

सतराव्या प्रश्नापाशी चिमणीचं पेन अडलं, आणि ते सगळ्यांत आधी आत्याच्या लक्षात आलं.

तोपर्यंत सगळं कसं झरझर चाललं होतं. चिमणी मोठ्याने प्रश्न वाचायची, तिची आई गणिताच्या बाईंच्या सवयीने मान हलवून ‘पुढे’ म्हणायची आणि चौकोनात खूण पडायची. कधी नशापाणी? नाही. कधी कोर्टकचेरी? नाही. कधी प्रशिक्षणातून काढून टाकलं होतं? नाही. हसतखेळत सोळा झाले. सतरावा मात्र चिमणीने मनातल्या मनात वाचला, पेनाला टोपण लावलं, परत काढलं आणि समोरच्या वजनकाट्याकडे बघत बसली.

घरातलं कुठलंही मोठं बोलणं दवाखान्याच्या वेटिंग रूममध्येच करायचं, ही या घराची जुनी रीत. एक तर वर राहत्या घरात खुर्च्या तीनच, आणि खाली भिंतीला लागून दोन लांब बाकडी. शिवाय चिमणीच्या डॉक्टर आजोबांचं, आप्पांचं, म्हणणं असं, की या बाकड्यावर बसून लोकांनी पन्नास वर्षं आपापली दुखणी सांगितली आहेत, त्यामुळे इथे बसलेल्या माणसाला खोटं बोलायला अवघड जातं. चिमणीच्या बाबांचं, म्हणजे दादाचं, लग्न इथेच ठरलं. आत्याचं मोडलं, तेही इथेच. दादा गेल्यावर ‘आता पुढे काय’ हे सगळ्यांनी इथेच एकमेकांना विचारलं होतं, त्याला आता सात वर्षं झाली.

आजही रविवारची जेवणं आटोपून सगळे आपापल्या ठरलेल्या जागी बसले होते. आप्पा आतल्या खोलीच्या दाराशी, कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं, डोळे मिटलेले. एक्याऐंशीव्या वर्षी जेवणानंतर माणसाला एवढा हक्क असतोच. दादाची बायको, म्हणजे वहिनी, लेकीच्या शेजारी. दादाचा आणि आत्याचा धाकटा भाऊ, सगळ्यांचा ‘धाकटा’, दाराकडच्या बाकड्यावर. त्याचं औषधांचं दुकान दवाखान्याला लागूनच, मध्ये एक भिंत. आणि आत्या तिच्या टेबलामागे, पेशंटांच्या रजिस्टरवर हात ठेवून. ती एकोणीस वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ‘चार दिवस सांभाळ’ म्हणून ती या टेबलामागे बसली होती. ते चार दिवस अजून चालू होते.

या महिनाअखेरीला आप्पांच्या परवान्याची मुदत संपत होती, आणि यंदा तो पुढे वाढवायचा नाही असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. हात थरथरायला लागला की डॉक्टरने सुई खाली ठेवावी हे त्यांचं मत होतं, आणि त्यांचं मत कधी थरथरत नसे. पण परवानाधारक डॉक्टर नसेल तर दवाखान्याची नोंदणीही संपते. दाराबाहेरच्या पाटीवर पितळेच्या दोन पट्ट्या होत्या: वरची आप्पांची, खालची दादाची, प्रत्येकीवर नाव आणि परवान्याचा क्रमांक. दादाच्या पट्टीखाली लाकडात चार भोकं पाडलेली होती. चिमणीला मेडिकलला प्रवेश मिळाला त्या दिवशी आप्पांनी ती हौसेने पाडली होती, आणि तेव्हापासून ती रिकामीच होती.

“पण हिला लायसन्स अजून दोन वर्षांनी ना?” धाकट्याने जेवताना विचारलं होतं. “रेसिडेन्सी तीन वर्षांची. ही आत्ता कुठे दुसऱ्यात. म्हणजे मध्ये दोन वर्षं दवाखाना बंदच. मग मी म्हणतो, तेवढी भिंत पाडून—”

“काका, लायसन्ससाठी तीन वर्षं लागतात ती शेजारच्या राज्यात,” चिमणी म्हणाली होती. “प्रत्येक राज्याचं निराळं असतं. आपल्याकडे इथे शिकलेल्याला बारा महिने पुरतात. बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांना चोवीस लागतात. पहिलं वर्ष पूर्ण, परीक्षेचा शेवटचा भाग पास, की करा अर्ज. परीक्षा मी हिवाळ्यातच देऊन टाकलीय.”

“मग आत्ता तू करतेस ते काय? बिनलायसन्सचं?”

“आत्ता शिकाऊ लायसन्स आहे. ते फक्त हॉस्पिटलच्या चार भिंतींत चालतं, तेही वरिष्ठांच्या नजरेखाली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मी नुसती तुमची पुतणी.”

आत्याने तेव्हा उगाचच सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं होतं.

सगळे कागद मात्र चिमणीने सहा महिने मर मर मरून जमवले होते. विभागप्रमुखांचं बारा महिन्यांचं प्रमाणपत्र. कॉलेजने परवाने देणाऱ्या मंडळाला परस्पर पाठवलेली गुणपत्रिका, कारण तिला उमेदवाराचा हात लागला तर ती बाद. बोटांचे ठसे तर तिला तीनदा द्यावे लागले. दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. ‘बाई, तुमची बोटं कुठे आहेत?’ असं तिथला कारकून म्हणाला होता. आता फक्त हा प्रश्नांचा फॉर्म राहिला होता. मंडळाची बैठक महिन्यातून एकदाच. उद्या संध्याकाळपर्यंत अर्ज पोचला तर तो याच बैठकीत निघणार, परवाना महिनाअखेरीच्या आत येणार. विभागप्रमुखांनी रविवारी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी इथे बसायला परवानगीही देऊन ठेवली होती. दवाखाना एक दिवसही बंद पडणार नव्हता.

“आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं,” आप्पांनी फॉर्मची जाडी बघून म्हटलं होतं. त्यांची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, तरी दर वेळी सगळे ऐकत. “मी प्रमुखांचं पत्र घेऊन गेलो. मंडळाचा साहेब एकटाच. टेबलावर शिक्का, शाई आणि डबा. म्हणाला, माझी नाडी बघ. मी बघितली. म्हटलं, साहेब, एक ठोका मध्येच चुकतोय. तो म्हणाला, सगळे डॉक्टर ‘उत्तम आहे’ म्हणतात, तू पहिला खरं बोललास. आणि मारला शिक्का.”

दादाचा परवाना पोस्टाने आला होता, तो दिवस आत्याला कालच्यासारखा आठवत होता. पोस्टमनच्या वहीत सही तिनेच केली होती. दादा दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो जिन्यावरून धावत खाली आला आणि ‘क्रमांक वाच, क्रमांक वाच’ म्हणून ओरडायला लागला. घराची रीत अशी, की पट्टी घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने बसवायची, म्हणून धाकटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढला. स्टूल धरायचं काम आत्याकडे. ते डुगडुगतं म्हणून तिने ते पोटाशी असं घट्ट धरलं होतं, की संध्याकाळपर्यंत हातावर त्याच्या कडेचा वळ होता. त्या वळाचाही तिला अभिमान वाटला होता.

“चिमणे, सतरावा वाच,” वहिनी म्हणाल्या.

चिमणीने वाचला. “प्रशिक्षणाच्या रुग्णालयाबाहेर, शिकाऊ परवान्याच्या मर्यादेपलीकडे, आपण कधी रुग्णांवर उपचार केले आहेत काय? होय किंवा नाही. होय असल्यास तपशील जोडावा.”

“नाही. पुढे.”

“आई.”

“काय आई?”

“मी इथे बघितलेत पेशंट. एकदोन वेळा.” चिमणी फॉर्मकडे बघूनच बोलत होती. “आप्पा नसताना.”



पहिला बोलला तो धाकटा. “मग ‘होय’ लिही. सरळ. आपल्या घरात आजवर कोणी खोटं लिहिलेलं नाही. थोडा उशीर होईल लायसन्सला, होऊ दे. घाई काय आहे?”

“वा!” वहिनींचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. “घाई तुम्हाला नाहीच. उशीर झाला की दवाखाना बंद, आणि बंद झाला की भिंत पाडायला तुम्ही मोकळे. दुकानाला जागा हवी म्हटल्यावर बरा खरेपणा आठवला!”

“वहिनी, मी तसं—”

“तुम्ही तसंच म्हणालात. हिने सात वर्षं रात्रीचा दिवस केलाय. बाप गेला तेव्हा पहिल्या वर्षाला होती, तेराव्या दिवशी परीक्षेला बसली. आणि आता एका चौकोनापायी सगळ्यावर पाणी? ‘होय’ लिहिलं की चौकशी. चौकशी लागली की नावाला डाग. पुढे कुठल्याही राज्यात अर्ज केला तरी हा प्रश्न मागे मागे येणार. चिमणे, ‘नाही’ लिही. एकदोन वेळा म्हणजे काही उपचार नव्हेत. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टर बघतोच की.”

“घरातले नव्हते गं ते.”

“कोणाला कळणार आहे?”

चिमणीने आत्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. आत्याला तेच सहन होईना. पोरीने ‘आत्याने सांगितलं म्हणून’ एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर तिचा निम्मा भार उतरला असता. ती ते उच्चारणार नव्हती. दादा असाच होता. लहानपणी आत्याच्या हातून फुटलेल्या थर्मामीटरसाठी त्याने मार खाल्ला होता आणि जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

आत्याने रजिस्टरवरचा हात काढला.

“एकदोन वेळा नाही,” ती म्हणाली. “अकरा रविवार. आणि ती बसली नाही, मी तिला बसवली.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आत्याने नजर टेबलावरच ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, कारण एकदा थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. पहिला रविवार थंडीतला. आप्पा नेहमीप्रमाणे हेडमास्तरांकडे बुद्धिबळाला गेलेले. एक बाई लेकराला छातीशी धरून आली, पोराचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. चिमणी वर झोपलेली, छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेली. आत्याने तिला हलवून उठवलं. ती खाली आली, पोराला वाफ दिली, औषध लिहून दिलं, तासाभरात पोरगं बाकड्यावर उड्या मारायला लागलं.

“तो रविवार कोणीही माफ करेल,” आत्या म्हणाली. “पण पुढच्या रविवारी नुसता कान दुखत होता एकाचा. उद्या या म्हणून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. ही मला म्हणाली होती, आत्या, मला इथे चालत नाही गं. मी म्हटलं, अगं आपलंच घर आहे, कोण बघतंय. तिला माझा शब्द मोडवला नाही. मग मीच सांगायला लागले लोकांना, रविवारी या, आमची नवी डॉक्टरीण असते.”

“पण का ताई?” वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

का, याचं उत्तर आत्याकडे तयार होतं. ते चार महिने तयारच होतं, फक्त सांगायला लाज वाटत होती. “दादाची खुर्ची. मागे रेलल्यावर ती करकरते. सात वर्षं आवाज नव्हता. आप्पा त्यांच्याच खुर्चीत बसतात. ही त्या दिवशी तिच्यात बसली, मागे रेलली आणि मला इथे टेबलापाशी ते ऐकू आलं.” तिने पदराने नाक पुसलं. “मला दर रविवारी ऐकायचं होतं. बास.”

चिमणी उठून तिच्याजवळ आली आणि टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली. “मला पण आवडत होतं गं,” ती म्हणाली. “तुझं एकटीचं नको करूस. मी लहान नव्हते. फॉर्म हातात आला, हा प्रश्न वाचला, तेव्हा कुठे थांबले.”

धाकटा इतका वेळ काहीतरी मोजल्यासारखा बोटं हलवत होता. “अकरा रविवार,” तो म्हणाला. “औषधं लिहून दिलीत म्हणतेस. कशावर?”

“आप्पांच्या पॅडवर. सही माझी,” चिमणी म्हणाली.

“आणि ती औषधं लोकांनी घेतली कुठून?”

या गल्लीत औषधांचं दुकान एकच होतं.

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आप्पांचं पॅड म्हणून मी कधी सही बघितलीच नाही. बिनपरवान्याच्या सहीवर औषधं दिली मी. माझं दुकान! माझं स्वतःचं लायसन्स!” तो ताडकन उठला. “चिमणे, वहिनी म्हणतात तेच बरोबर. ‘नाही’ लिही. ताई, रजिस्टरमध्ये नोंद केलीस का तू? केलीच असशील. तू शिंकलेलंही लिहून ठेवतेस. काढून टाक ती पानं.”

“तुमचा खरेपणा फार लवकर दमला,” वहिनी म्हणाल्या. पण मघाची धार त्यांच्या आवाजात नव्हती. त्या लेकीकडे बघत होत्या.

“वहिनी, आता टोमणे नकोत. आण ते रजिस्टर.”

“आई, मी ‘नाही’ लिहिलं,” चिमणी म्हणाली, “तर खोटं बोलून मिळवलेला क्रमांक बाबांच्या खाली लागणार. रोज आत येताना दिसणार तो.”

वहिनींनी हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली. “वर्गात मी रोज पोरांना ओरडते,” शेवटी त्या म्हणाल्या. “उत्तर चुकलं तर चालेल, मार्क पायऱ्यांना आहेत, पुस्तकाच्या मागचं बघून उत्तर लिहू नका म्हणून. आणि घरी येऊन मी लेकीला मागचं उत्तर सांगतेय.” त्यांनी डोळे टिपले. “लिही बाई तुला हवं ते. मी मघाशी बोलले ते आई म्हणून बोलले.”

धाकट्याने तोवर रजिस्टर स्वतःच ओढून घेतलं होतं आणि थंडीतली पानं शोधत होता. एका पानावर तो थांबला. मग पुढचं उलटलं, मग त्याच्या पुढचं.

“ताई, या पेन्सिलीच्या खुणा कसल्या?”

“त्या तुझ्याच ना? औषधांच्या चिठ्ठ्या ताडून बघतोस तू अधूनमधून.”

“मी? मी तुझ्या रजिस्टरला हात लावतो का कधी? आज पहिल्यांदा.”

आत्याने चष्मा लावला. त्या रविवारांच्या प्रत्येक नोंदीपुढे, समासात, पेन्सिलीची एक बारीकशी बरोबरची खूण होती. तिने त्या पाहिल्या होत्या. धाकट्याच्या असतील म्हणून कधी विचारलं नव्हतं. आता नीट बघितल्यावर तिला दिसलं, की एकही खूण सरळ नव्हती. प्रत्येकीचं शेपूट थरथरत वर गेलं होतं.

“तेवीस आहेत,” दाराशेजारून आवाज आला. “मोजत बसू नका.”

आप्पांचे डोळे उघडे होते. कानातलं यंत्र त्यांनी कधी लावलं होतं कोण जाणे, बहुधा ‘नशापाणी’पासून.

“आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?” आत्या म्हणाली.

“पन्नास वर्षं दर सोमवारी सकाळी रजिस्टर वाचतोय मी. तुझं अक्षर वाचतोय. न कळायला काय झालं?” त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “पहिल्या सोमवारी वाचलं, शिट्टी वाजणारं पोर. औषध बरोबर होतं, पण वजनाच्या मानाने किती दिलं ते कळेना. म्हणून घरी गेलो त्यांच्या. छाती ऐकली. चोख होती.”

“सोमवारी तुम्ही फिरायला जाता,” वहिनी म्हणाल्या.

“फिरायलाच जात होतो. फिरत फिरत जायचो. कान दुखणारा तर तिसऱ्या मजल्यावर राहतो, मेला. प्रत्येकाला तपासलं. तेविसांतल्या एकालाही परत तपासायची गरज नव्हती. एका म्हातारीची गोळी मी बदलणार होतो. घरी येऊन पुस्तक काढून बघितलं. पोर बरोबर होती, मी जुना झालो होतो.”

चिमणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“मग थांबवलं का नाहीत आम्हाला?” आत्याने विचारलं. “एका शब्दाने थांबले असते मी.”

आप्पांनी मागे वळून आतल्या खोलीत बघितलं, जिथे दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या.

“एकदा हेडमास्तर आजारी, म्हणून मी लवकर परतलो. दाराशी आलो तर आतून ती करकर आली,” ते म्हणाले. “मी बाहेर पायरीवर बसलो. पेशंट जाईपर्यंत बसलो. कोणत्या तोंडाने थांबवू?” मग त्यांचा आवाज डॉक्टरचा झाला. “पण चूक ती चूक. परवाना नसताना पेशंटला हात लावायचा नाही, हा नियम पेशंटासाठी आहे, आपल्या कौतुकासाठी नाही. ही हुशार निघाली म्हणून निभावलं. नसती तर? दवाखाना माझा, पॅड माझं, आणि सगळं जाणून मी गप्प बसलो. चिमणे, ‘होय’ लिही. तपशील जोडायचाय ना? ताई, कागद घे. तुझं अक्षर चांगलं आहे.”

पत्र लिहायला दोन तास लागले. आत्याला सगळा दोष स्वतःवर घ्यायचा होता, आप्पांना तो स्वतःकडे हवा होता, आणि चिमणी दोघांनाही तो देईना. शेवटी वहिनींनी वर्गातली भांडणं सोडवतात तसं सोडवलं: प्रत्येकाने आपापला परिच्छेद लिहावा आणि खाली सही करावी. अकरा रविवार, तेवीस पेशंट, प्रत्येकाचं दुखणं, दिलेलं औषध आणि सोमवारची तपासणी, सगळं तारखेवार. धाकटा बराच वेळ दारात पाठमोरा उभा होता. मग तो आला, पेन मागून घेतलं आणि सही न बघता औषधं दिल्याच्या दोन ओळी खाली आपल्या हाताने लिहिल्या. “लायसन्स गेलं तर तुमच्याकडे जेवायला येईन,” तो वहिनींना म्हणाला. “या,” वहिनी म्हणाल्या.

*

त्या बैठकीत परवाना निघाला नाही. मंडळाने चिमणीला बोलावलं, मग आप्पांना, मग आत्यालाही. तिथे आता एकटा साहेब नव्हता. लांबलचक टेबलामागे सात जण बसले होते आणि कोणी आपली नाडी पुढे केली नाही. महिनाअखेर आली. आप्पांचा परवाना संपला, दवाखान्याला कुलूप लागलं, पाटीवर आत्याने जुनी चादर बांधली. नऊ आठवडे ती रोज सकाळी सवयीने खाली येऊन टेबल पुसायची आणि वर जायची. भिंत पाडण्याचं नाव धाकट्याने काढलं नाही. विचारायला आलेल्या पेशंटांना तो ‘चौकशी चालू आहे, आमची चूक होती’ असं सरळ सांगायचा, आणि लोक ते ऐकून घ्यायचे.

दहाव्या आठवड्यात पाकीट आलं. पोस्टमनच्या वहीत सही आत्यानेच केली. आत दोन कागद होते. एकावर ताकीद: उमेदवार, माजी परवानाधारक आणि औषधविक्रेता यांना, लेखी, पुन्हा असं न होण्याबद्दल, ती नोंद चिमणीच्या कागदांत कायम राहणार होती. दुसऱ्यावर क्रमांक.

“वाच, वाच!” चिमणी जिन्यावरून ओरडत आली. तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. आत्याने क्रमांक वाचला, दोनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा तिला तो दिसेना.

पट्टी बसवायच्या वेळी पंचाईत झाली. घरातलं सगळ्यांत लहान माणूस म्हणजे चिमणीच, आणि स्वतःचं नाव स्वतः कसं लावायचं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर आत्याच्या हातात दिला.

“तू चढ,” ते म्हणाले. “स्टूल मी धरतो.”

“आप्पा, तुमचा हात—”

“चढ म्हटलं ना.”

आत्या चढली. आप्पांनी स्टूल धरलं, आप्पांना वहिनींनी धरलं, आणि धाकटा खालून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ म्हणत राहिला, पट्टी सरळ असूनही. चारही भोकं बरोबर जुळली.

रविवारी पाच पेशंट आले. आत्याने नावं लिहिली, वयं लिहिली आणि दार ढकलून आत डोकावली. तिला सवयीने ‘चिमणे’ म्हणायचं होतं. “डॉक्टर, पाठवू का?” ती म्हणाली. आत खुर्ची करकरली.

सोमवारी सकाळी तिने रजिस्टर उघडलं आणि आधी समास बघितला. कालच्या पाच नोंदींपुढे काहीही नव्हतं, कोरा कागद. पेन्सिल टेबलावर जिथल्या तिथे होती. ती जिना चढून वर गेली. आप्पा खिडकीशी चहा पीत बसले होते, काठी कोपऱ्यात, पायात घरातल्याच चपला.

“आज फिरायला नाही गेलात?” तिने विचारलं.

“कशाला?” आप्पा म्हणाले, आणि कप पुढे केला. “अर्धा कप अजून ओत.”